खेळाडूंच्या कार्डांचा छंद परत कसा रुजवायचा? (उत्तर मोठं आहे, निवांत वाचा)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तुमच्या गटात आधी दर महिन्याला भरपूर लोक जमायचे, आता मोजकेच येतात, नवीन मुलं आली तर कार्डांची बंद पाकिटं म्हणजे पॅक फोडतात, मोबाइलवर भाव बघतात, चांगलं कार्ड निघालं तर विकतात आणि बाकीची टेबलावरच टाकून जातात, आणि तुम्हाला हवंय की स्पोर्ट्स कार्ड जमवायचा छंद परत जिवंत करायला काहीतरी नवीन सुचवावं. मी बरीच वर्षं कार्डं जमवतोय, अदलाबदलीच्या बैठका भरवतोय, मुलांच्या टीमसाठी कार्डं छापूनही दिलीत, त्यामुळे जे करून बघितलंय त्यातलंच सांगतो.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला ती टेबलावर सोडून दिलेली कार्डं वाटली. कारण एकूण बाजार बघितला तर या छंदात पैशाची अजिबात कमी नाही. 2022 मध्ये बेसबॉलपटू मिकी मँटलचं टॉप्स कंपनीने 1952 मध्ये काढलेलं कार्ड 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. 2021 मध्ये ग्रेडिंगसाठी (म्हणजे कार्डाची अवस्था तपासून दर्जा ठरवून घ्यायला) इतकी कार्डं येऊन पडली की पीएसए या ग्रेडिंग कंपनीला काही काळ नवीन कार्डं घेणं थांबवावं लागलं होतं. म्हणजे खरेदी-विक्री जोरात आहे, गाडं अडलंय ते पुढे. पॅक फोडल्यावर त्यातल्या दहापैकी नऊ कार्डांचं करायचं काय, याचं उत्तर आज कोणी मुलांना देत नाही. पूर्वी ते उत्तर होतं, सेट पूर्ण करायचा, डबल आलेली बदलायची, कार्डामागे छापलेले खेळाडूचे आकडे पाठ करायचे, जमिनीवर फेकून खेळायचं. साध्या कार्डालाही काम असायचं. ते काम गेलं आणि फक्त भाव उरला, आणि भाव बघायला एकमेकांना भेटायची गरज नसते, मग गटात येणार कोण?

म्हणून माझं सगळं उत्तर एकाच गोष्टीभोवती आहे, साध्या कार्डाला परत काम द्या. कसं द्यायचं ते तुमच्या परिस्थितीवर आहे हे आधीच सांगतो. तुमच्या गटात जास्त करून जुनी कार्डं जमवणारे मोठे लोक असतील तर मुलांच्या कल्पना तिथे चालणार नाहीत, आणि गट एखाद्या दुकानदाराच्या आधाराने चालत असेल तर त्याचीही विक्री व्हायला हवी, नाहीतर तो जागा कशाला देईल. हे धरूनच पुढचं वाचा.

आता पूर्ण होणारा सेट. हे मी सगळ्यात वर ठेवतो, आणि त्यामागे साधं गणित आहे. समजा 132 कार्डांचा सेट आहे (मायकेल जॉर्डनचं प्रसिद्ध कार्ड ज्यात आहे तो फ्लीअर कंपनीचा 1986 चा बास्केटबॉल सेट एवढाच होता), सगळी कार्डं सारख्याच प्रमाणात छापलीत आणि तुम्ही कुणाशी एकही कार्ड न बदलता नुसती उघडत बसलात, तर सेट पूर्ण व्हायला सरासरी 720 च्या आसपास कार्डं उघडावी लागतात. 400 कार्डांचा सेट असेल तर हाच आकडा 2600 च्या पुढे जातो. आणि त्यातलं सगळ्यात जीवघेणं म्हणजे शेवटचं कार्ड, 131 जमली आणि एक राहिलं तर त्या एकासाठी सरासरी आणखी 132 कार्डं. पण दहा माणसं एकत्र बसून आपली डबल एकमेकांना देत राहिली तर प्रत्येकाला लागणारी कार्डं निम्म्याहूनही कमी होतात. म्हणजे अदलाबदल ही सेट पूर्ण करायची एकमेव परवडणारी वाट आहे, आणि हे मुलांना एकदा कागदावर मांडून दाखवलं की डोळे उघडतात. आजच्या सेटमध्ये मात्र मूळ कार्डांवर पॅरलल म्हणजे त्याच कार्डाच्या रंगीत आवृत्त्या, मोजक्याच छापून नंबर घातलेली, सहीवाली, जर्सीचा तुकडा लावलेली असे इतके थर चढवलेत की "पूर्ण" म्हणजे काय हेच कळत नाही, एखाद्या कार्डाची जगात एकच प्रत असते मग तो सेट बाकी कुणाचा पूर्ण होणारच नाही.

कंपन्यांना हे नवीन नाही बरं का. गाउडी कंपनीच्या 1933 च्या बेसबॉल सेटमध्ये 106 नंबरचं कार्ड छापलंच नव्हतं, पोरं बिचारी ते शोधत पॅक घेत राहिली, आणि ज्यांनी कंपनीला पत्र लिहून तक्रार केली त्यांना पुढच्या वर्षी त्या नंबरचं, नॅप लाजोइ या खेळाडूचं कार्ड पोस्टाने गेलं. आज तेच कार्ड दुर्मिळ म्हणून प्रचंड महाग आहे. मला त्या गोष्टीत महाग कार्डापेक्षा ती पत्रं लिहिणारी मंडळी जास्त महत्त्वाची वाटतात, एक रिकामा नंबर माणसाला किती खेचतो ते बघा.

तर गटाने काय करायचं, कंपनीच्या चेकलिस्टवर (सेटमधल्या कार्डांच्या यादीवर) अवलंबून राहायचंच नाही, आपली छोटी चेकलिस्ट करायची. मी नेहमी नऊच्या पटीत करतो कारण बाइंडरच्या पानात नऊ खिसे असतात, नऊ कार्डं म्हणजे एक भरलेली बाजू, अठरा म्हणजे पान दोन्ही बाजूंनी भरलेलं. विषय कुठलाही घ्या, फक्त महागडं काही त्यात घालू नका. एका टीमचे फक्त यष्टिरक्षक किंवा गोलकीपर, आपल्या जन्मवर्षी छापलेली कार्डं, खेळाडूच्या कारकिर्दीतलं सगळ्यात शेवटचं कार्ड (रूकी म्हणजे पहिल्या हंगामातल्या कार्डाच्या मागे सगळे लागतात म्हणून शेवटचं स्वस्तात मिळतं, आणि मागच्या बाजूला अख्खी कारकीर्द आकड्यांत छापलेली असते, मला स्वतःला हा प्रकार फार आवडतो), चष्मा घातलेले खेळाडू, फोटोत पाऊस पडतोय अशी कार्डं. चेकलिस्ट कागदावर छापून सगळ्यांना द्या आणि नऊ पूर्ण होतील त्याचं पान पुढच्या बैठकीत सगळ्यांना दाखवायचं. एवढंच बक्षीस पुरतं.

पाऊसवाली कल्पना वाचून हसू नका, कारण यातून कार्ड नीट बघायची सवय लागते आणि ती सवय हाच या छंदाचा जीव आहे. 1990-91 च्या एनबीए हूप्स सेटमधलं बास्केटबॉलपटू मार्क जॅक्सनचं कार्ड घ्या. कितीही मिळेल असं साधं कार्ड, अनेक वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही. मग 2018 मध्ये ते गाजलं कारण जॅक्सनच्या मागे कोर्टाच्या कडेला बसलेल्या प्रेक्षकांत मेनेंडेझ बंधू, म्हणजे स्वतःच्या आईवडिलांचा खून करणारे अमेरिकेतले दोघे भाऊ, आहेत हे कुणीतरी ओळखलं, त्या खुनानंतर आणि अटक व्हायच्या आधी ते सामना बघायला आलेले. हजारो लोकांच्या डब्यात ते कार्ड पडलेलं होतं आणि बघितलं कुणीच नव्हतं! असे नमुने भरपूर आहेत, 1957 च्या टॉप्सच्या बेसबॉल सेटमध्ये हँक ॲरनचा फोटो उलटा छापलाय त्यामुळे तो डावखुरा दिसतो, 1959 मध्ये ल्यू बर्डेटने गंमत म्हणून चुकीच्या हातात ग्लव्ह घालून फोटो काढून घेतला आणि तो तसाच छापला गेला, 1969 च्या ऑरेलिओ रॉड्रिगेझच्या कार्डावर तर तो नाहीच, टीमचा बॅटबॉय म्हणजे बॅटी सांभाळणारा मुलगा आहे. मी बैठकीत साध्या कार्डांचा एक डबा मध्ये ठेवतो आणि प्रत्येकाने एक कार्ड उचलून त्यात दिसणारी एक विशेष गोष्ट दोन मिनिटांत सांगायची. मागे धावफलक दिसतोय तर सामना कुठला असेल, हातातल्या बॅटवर नाव कुणाचं आहे, मुलं जुने निकाल धुंडाळून तारखेपर्यंत पोचतात. ज्या कार्डावर मुलाने अर्धा तास घालवलाय ते कार्ड तो टेबलावर टाकून जात नाही.

आता अदलाबदलीची बैठक. बरेच जण "ट्रेड नाइट" ठेवतात आणि प्रत्यक्षात तो बाजार होतो, चार विक्रेते काचेच्या पेट्या मांडून बसतात आणि मुलं तोंड बघत फिरतात. मी काही नियम पाळतो. पहिला तास पैसे बंद आणि भाव बघायचे ॲप बंद. प्रत्येकाने हव्या असलेल्या कार्डांची यादी कागदावर लिहून समोर ठेवायची, तोंडाने विचारायला लाजणारी मुलं यादी वाचून आपोआप बोलायला लागतात. एकाच सेटमधली साधी कार्डं एकास एक, कुठलंही असो, घासाघीस नाही. आणि मोठ्या माणसाने लहान मुलाशी व्यवहार केला तर मुलाच्या घरच्यांना तो मोडायची मुभा पुढच्या बैठकीपर्यंत राहील. हा शेवटचा नियम कधीच ढिला सोडू नका. आवळा देऊन कोहळा काढणारा एखादा माणूस प्रत्येक गटात येतोच, आणि एक मूल फसवलं गेलं की ते मूल जातं, त्याचे मित्र जातात, पालक तर परत पाऊलसुद्धा टाकत नाहीत. दुसऱ्या तासात पैसे चालू करा, दुकानदाराला तेव्हा विकू द्या, त्याचंही भागतं.

सगळ्यात जास्त फळ मला ज्यातून मिळालं ती कल्पना म्हणजे आपल्याच टीमची कार्डं छापणं. शाळेची टीम, क्लबची टीम, कुठल्याही खेळाची. समजा अठरा खेळाडू आहेत. अठरा कार्डांचा सेट बनवायचा, पण सेट कुणालाच द्यायचा नाही! प्रत्येक खेळाडूला फक्त स्वतःच्या कार्डाच्या वीस प्रती द्यायच्या. आता सेट हवा असेल तर बाकीच्या सतरा जणांकडे जाऊन आपलं कार्ड देऊन त्यांचं घ्यावं लागतं, स्वतःचं एक ठेवायचं, उरलेली दोन घरच्यांना. ज्या राखीव खेळाडूशी कुणी बोलत नाही त्याचं कार्डही सगळ्यांना लागतंच, त्याच्याशिवाय पान भरत नाही. पोरं आठवडाभर डबा घेऊन फिरतात. अदलाबदल म्हणजे काय हे मुलांना शिकवायला यापेक्षा चांगली युक्ती मला तरी सापडलेली नाही, आणि यातली बरीच मुलं पुढे स्वतःहून खऱ्या कार्डांकडे वळतात.

छपाईचं थोडं तांत्रिक सांगतो कारण इथे बरेच जण अडतात. कार्डाचं प्रमाण माप अडीच बाय साडेतीन इंच, टॉप्सने 1957 पासून हेच धरलं आणि आजची पानं, स्लीव्ह (पातळ पाकीट), टॉपलोडर (कडक प्लॅस्टिकचं पाकीट) सगळं याच मापाचं मिळतं, म्हणून वेगळं माप घ्यायचा मोह टाळा. 300 डीपीआयला ते 750 बाय 1050 पिक्सेल होतं, प्रेसला द्यायचं असेल तर चारी बाजूंनी एक अष्टमांश इंच जास्तीचा रंग सोडा म्हणजे 825 बाय 1125. कागद 300 ते 350 जीएसएमचा. घरी किंवा साध्या दुकानात छापणार असाल तर ए-फोरवर नऊ कार्डं चिकटून बसतात, अठरा जणांच्या वीस प्रती म्हणजे 360 कार्डं, चाळीस कागदात काम होतं. मागची बाजू छापताना पानांची अलाइनमेंट आधी एका कागदावर तपासा. फोटोंसाठी पालकांची परवानगी घ्या, मुलांचं आडनाव, जन्मतारीख, पत्ता कार्डावर नको. आणि व्यावसायिक टीमचा लोगो किंवा नेटवरून उचललेला फोटो वापरू नका, त्यांचे हक्क दुसऱ्यांकडे असतात. मागचा मजकूर मात्र मुलांनाच लिहू द्या, मोठ्यांनी लिहिला की तो प्रगतिपुस्तकासारखा होतो.

खेळणं हा आणखी एक धागा आहे आणि तो जुनाच आहे. टॉप्सचे 1951 चे लाल आणि निळ्या पाठीचे सेट प्रत्येकी 52 कार्डांचे होते, पत्त्यांसारखे, त्यावर बेसबॉलचा डाव खेळता यायचा. 2000 मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने एमएलबी शोडाउन हा बेसबॉल कार्डांचा खेळ काढला, फाशाबरोबर खेळायचा, तो काही वर्षांनी बंद झाला. फुटबॉलमध्ये मॅच अटॅक्स या कार्डांच्या खेळाने पोरांना वेड लावलं ते याचमुळे, कार्डावर अटॅक-डिफेन्सचे आकडे असतात आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत लढत लावता येते. तुम्ही साध्या कार्डांच्या मागच्या आकड्यांवरच खेळ बसवू शकता, दोघांनी एकेक कार्ड काढायचं, मागचा कुठला आकडा बघायचा ते ठरवायचं, ज्याचा मोठा तो जिंकला. यासाठी वेगळी खराब झालेली कार्डं ठेवा म्हणजे कोपरे घासले तरी कुणाला वाईट वाटणार नाही.

कंपन्यांनी हल्ली केलेल्या काही गोष्टीही उचलण्यासारख्या आहेत. टॉप्स नाऊ 2016 ला सुरू झालं, काल सामन्यात घडलं त्याचं कार्ड आज, थोड्याच वेळापुरतं विक्रीला आणि जितकी मागणी तितकीच छपाई. तुमचा गट हे आणखी सोप्या पद्धतीने करू शकतो, सामना बघितला की ज्या खेळाडूने काही केलं त्याचं साधं कार्ड शोधून तिकिटाबरोबर एकाच खिशात ठेवायचं, शेजारी चिठ्ठीवर तारीख आणि काय झालं ते. हंगाम संपला की त्याची वही तयार. टॉप्सच्या प्रोजेक्ट 2020 मध्ये वीस कलाकारांना वीस जुनी कार्डं देऊन प्रत्येकाने ती आपापल्या पद्धतीने परत रंगवली, 400 कार्डं झाली, हे चित्रकलेची आवड असलेल्या मुलांसोबत जरूर करून बघा, या वाटेने खेळात रस नसलेली मुलंही येतात. आणि 2023 पासून अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये पहिला सामना खेळणाऱ्याच्या जर्सीवर खास पॅच लावतात आणि तो पुढे एकमेव कार्डात घालतात, पॉल स्कीन्स या खेळाडूचं तसं कार्ड एका 11 वर्षांच्या मुलाला पॅकमध्ये सापडलं आणि 2025 मध्ये लिलावात 11 लाख डॉलरच्या वर गेलं. बातमी म्हणून भारी आहे, मुलं याबद्दल बोलणारच, बोलू द्या, पण गटाचा कार्यक्रम त्यावर उभा करू नका कारण बाकी सगळ्या मुलांच्या पॅकमध्ये ते नव्हतं.

इथेच लाइव्ह ब्रेकबद्दल माझं मत स्पष्ट सांगतो. पैसे भरून टीम घ्यायची आणि दुसरा कोणीतरी कॅमेऱ्यासमोर पेट्या फोडणार, तुमच्या टीमचं निघालं तर तुमचं, हे मोठ्यांनी स्वतःच्या पैशाने करावं, पण मुलांच्या बैठकीत मी ते होऊ देत नाही. बहुतेकांच्या हाती काहीच लागत नाही आणि काहीच न मिळता उठायची सवय लागली की छंद सुटतो. डिजिटल कार्डांबाबत माझा एवढा विरोध नाही, पण 2021 मध्ये एनबीए टॉप शॉटला (बास्केटबॉलच्या छोट्या व्हिडिओंची डिजिटल कार्डं) जो जोर होता तो किती पटकन ओसरला ते सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळे त्यावर गट उभा करायच्या भरवशावर राहू नका. ग्रेडिंगही तसंच, प्लॅस्टिकच्या स्लॅबमध्ये बंद करणं महागड्या किंवा खरेपणाची शंका असलेल्या कार्डासाठी ठीक, साध्या कार्डाला खर्च त्याच्या किमतीच्या वर जातो आणि ते नऊ खिशांच्या पानात बसत नाही ते वेगळंच.

मोठ्यांच्या गटासाठी वेगळं सांगायचं तर जेफरसन बर्डिक या अमेरिकन संग्राहकाकडे बघा. त्याने लाखो छापील कार्डं आणि चिठ्ठ्या जमवून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिल्या, त्यात 30 हजारांवर बेसबॉल कार्डं आहेत, आणि आज आपण ज्याला टी206 म्हणतो, बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं प्रसिद्ध कार्ड ज्यात आहे तो सेट, ते नाव त्याच्याच कॅटलॉगमधून आलंय. ज्या काळात या कार्डांना कुणी विचारत नव्हतं तेव्हा त्याने ती लावली, नोंदवली. तुमच्या ज्येष्ठ मंडळींना हेच काम द्या, एखाद्या कमी माहीत असलेल्या सेटची पूर्ण नोंद करणं, चुकीच्या छपाईचे प्रकार टिपणं, वाचनालयात महिनाभर एक काचपेटी मांडणं. त्यांच्याकडे माहिती असते आणि ऐकणारं कुणी नसतं, नवीन मुलांना ऐकायला मिळत नाही, दोघांना एका टेबलावर बसवायला काचपेटी मांडायचं काम फार उपयोगी पडतं.

आतापर्यंतचं पटकन, नऊच्या पटीत छोटा सेट, कार्ड नीट बघणं, पहिला तास बिनपैशाची अदलाबदल, टीमची कार्डं, आणि जमलं तर खेळ. सगळं एकदम काढू नका. मी तुमच्या जागी असतो तर पुढच्या बैठकीत फक्त दोन गोष्टी केल्या असत्या, टेबलावर सोडलेली सगळी कार्डं एका डब्यात भरून तो फुकट ठेवला असता आणि त्या डब्यातूनच भरता येईल अशी एक नऊ कार्डांची चेकलिस्ट वाटली असती. चेकलिस्ट करण्याआधी डबा स्वतः चाळा, नऊच्या नऊ गोष्टी त्यात आहेत याची खात्री करा, आणि त्यातल्या दोन अशा ठेवा की ज्यांची कार्डं डब्यात मोजकीच असतील म्हणजे शेवटी एकमेकांकडे मागावं लागेल. बाइंडरची पानं पीव्हीसी नसलेली घ्या, पीव्हीसीची पानं काही वर्षांनी कार्डांना चिकटतात. टीमची कार्डं हंगाम सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काढा, तोवर टीम नक्की झालेली असते.

एक-दोन बैठकांत गर्दी दिसणार नाही हे धरून चाला. मी आलेली माणसं मोजत नाही, जाताना किती जण पुढच्या वेळची यादी लिहून खिशात घालून गेले ते बघतो. तुमच्याकडे मुलं जास्त की मोठे, आणि डब्यात कुठल्या खेळाची कार्डं जास्त निघतात तेवढं इथे लिहा, पहिली चेकलिस्ट मी करून देतो.